दहापैकी दहा

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र होतं. लैंगिक छळ प्रतिबंधाचं ऑनलाइन प्रशिक्षण, दहापैकी दहा गुण. विद्यापीठाच्या तक्रार समितीची अध्यक्ष झाले तेव्हा मी ते हौसेने फ्रेम करून लावलं. परीक्षा मात्र मी दिली नव्हती.

ती दिली होती आमच्या विभागाच्या कारकुनांनी. दर वर्षी कुलसचिवांकडून पत्र यायचं, की सर्वांनी व्हिडिओ पाहावा, प्रश्न सोडवावेत आणि प्रमाणपत्र जमा करावं. दर वर्षी आम्ही विद्वान मंडळी आपापले पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कारकुनांच्या हातात ठेवायचो आणि मोकळे व्हायचो. हे कारकून जुन्या म्हैसूरकर मराठी घरातले. पूर्वज राजाच्या फौजेत होते. घरी मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की सांगलीहून आलेल्या मला पहिलं वर्षभर निम्मंच कळायचं. ते एकटे दोन दिवस ठाण मांडून चाळीस जणांची परीक्षा देत. मी संख्याशास्त्र शिकवते. चाळीसच्या चाळीस जणांना पैकीच्या पैकी गुण पडल्यावर मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण त्या चाळिसांत मीही होते.

तर, दसऱ्याच्या सुट्टीचा आदला दिवस. दुपारचे चार वाजलेले. मिरवणुकीच्या हत्तींच्या तालमीसाठी रस्ते बंद व्हायच्या आत मला घर गाठायचं होतं. पर्स खांद्याला अडकवली तोच कारकून दारात उभे. त्यांच्यामागे आमच्या मजल्यावर सफाई करणारी बाई. रोज नंजनगूडहून गाडीने यायची. सात वर्षं माझ्या खोलीची फरशी तिने पुसली होती, आणि त्या सात वर्षांत आमचं बोलणं पाय उचला, पाय ठेवा यापलीकडे गेलं नव्हतं.

"मॅडम, स्वल्प थांबा," कारकून म्हणाले. "हिची तक्रार आहे. आजच घ्यायला पाहिजे."

सफाईच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर हजेरीची सही घ्यायला म्हणून तिला एकटीला स्टोअरच्या खोलीत बोलवायचा. एकदा त्याने दार लावून तिचा हात धरला. ती हिसडा देऊन बाहेर आली. तेव्हापासून तो तिचे खोटे खाडे मांडत होता, आणि आज त्याने सांगितलं होतं की सुट्टीनंतर कामावर येऊ नकोस. म्हणजे उद्यापासून तिची सात वर्षांची नोकरी संपणार होती.

त्यावर मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. "सुट्टीनंतर या. समितीची बैठक तेव्हाच आहे."

"नोडी, बघा मॅडम," कारकून म्हणाले, "हात धरला त्याला सुट्टीतच तीन महिने होतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत पाहिजे. परीक्षेतला प्रश्न नववा."

"मुदत वाढवून देता येत असेल की."

"येते. पण का उशीर झाला ते हिने लिहायचं, ते तुम्हाला पटायचं. कशाला? आजचा दिवस हातात आहे ना, अल्वा?"

"पण ती आपली कर्मचारी नाही, कंत्राटदाराची…"

"कंत्राटी पण येतात. प्रश्न चौथा."

मी पर्स खाली ठेवली. माझा मलाच संताप आला होता. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला हुरूपही आला. दोन वर्षं मी अहवालात 'तक्रारी: शून्य' असं लिहून पाठ थोपटून घेत होते. आज पहिल्यांदा त्या खुर्चीला काम आलं होतं.

माझं कन्नड भाजीबाजारापुरतं, म्हणून कारकुनांना म्हटलं, बसा, मला समजावून सांगा. पण ते निघालेच. "गोपनीयता मॅडम. प्रश्न सहावा. मी समितीत नाही." आणि दार ओढून ते बाहेर स्टुलावर जाऊन बसले.

मग आम्ही दोघीच. ती कन्नडमध्ये सावकाश, ठळक अक्षरात लिहीत होती आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवत होती. अडलं की मी हातवारे करायची. कोणती खोली, कोणता वार, कोणी पाहिलं का. स्टोअरच्या दाराला आतून कडी आहे हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. ते लिहिताना तिचं पेन थांबलं. मी पाणी दिलं. ती प्यायली आणि पुढे लिहू लागली.

"सहा प्रती पाहिजेत!" बाहेरून आवाज आला.

झेरॉक्सचं मशीन मी आयुष्यात चालवलं नव्हतं, आणि कारकुनांना कागद दाखवायचा नव्हता. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथून मला शिकवू लागले. "हिरवं बटण. हिरवं मॅडम, ते लाल झालं." बाई पदराने तोंड दाबून हसायला लागली. मग मीही.

दोन सदस्यांना फोन केले, पोचपावतीवर शिक्का मारला आणि प्रती घेऊन मी अक्षरशः पळत सुटले. कुलसचिव जिन्यात भेटले, गाडीची किल्ली हातात घेऊन. "सुट्टीनंतर पाहू," ते म्हणाले.

"तीन महिन्यांची मुदत आहे सर. प्रश्न नववा," मी म्हणाले. त्यांना काही बोध झाला नाही. त्यांच्याही खोलीत तेच प्रमाणपत्र होतं. पण ते वर परत आले, खुर्चीत बसले आणि आदेशावर सही केली. चौकशी होईपर्यंत सुपरवायझरने आमच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही, आणि हिच्या कामाला कोणी हात लावायचा नाही.

आदेशाची प्रत तिच्या हातात दिली तेव्हा मी घामाने निथळत होते आणि आनंदाने मला काय करू नि काय नको झालं होतं. तिने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. मग भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. कारकून चुळबुळले.

"ती म्हणते, हा पेपर तिने सोडवला," ते म्हणाले. "चाळीस वेळा तेच ते वाचून बेजार होतो मॅडम. मग मोठ्याने कन्नडमध्ये वाचतो. या बायका तिथंच चहा पीत बसतात. दहाव्या नावानंतर उत्तरं याच सांगायला लागल्या, मी नुसतं बटण दाबायचो. तुमचं नाव आलं तेव्हा ही म्हणाली, ही माझ्या खोलीची मॅडम, हिची उत्तरं मी सांगणार."

मी फ्रेमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

सुट्टीत घरी बसून मी ती परीक्षा स्वतः दिली. सहा गुण पडले. पास व्हायला आठ लागतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर जाऊन बसले. जिन्यात बादलीचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. ती आत आली, मला पाय उचलायला सांगितलं, फरशी पुसली. मग रिकाम्या खिळ्याकडे बघून तिने विचारलं, कागद कुठे गेला?

मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, नापास झाले, परत परीक्षा देते आहे.

तिने फडका बादलीत टाकला, हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढून घेतली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"वाचा," ती म्हणाली. "पहिला प्रश्न."