गाडी जुनी झाली, असं आम्ही म्हणत राहिलो

भाद्रपदाच्या उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या आमच्या जुन्या गाडीचं दार उघडलं, की आतून जो वास यायचा त्याला नाव नव्हतं. तापलेल्या रेक्झिनचा, डिकीत कधीतरी सांडलेल्या गोडेतेलाचा, मागच्या काचेशी वाळून कोळपलेल्या गजऱ्याचा, आणि या साऱ्यांच्या तळाशी पेट्रोलचा एक पुसट, उबदार वास. नव्या माणसाने नाकाला रुमाल लावला असता. मला मात्र त्या वासात आमचा अर्धा संसार बसलेला दिसायचा. सासूबाईंना दवाखान्यात नेलं ते हिच्यातून, मार्केट यार्डातून आंब्याच्या पेट्या आणल्या त्या हिच्यातून, आणि लेकीची पाठवणी करून रिकाम्या मागच्या सीटकडे न बघता घरी परतलो तेही हिच्यातूनच.

हे, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. धरणाची भिंत नातवंडांच्या नातवंडांनाही पुरावी अशा बेताने ती आखण्यात ज्याने उभं आयुष्य घातलं, त्याच्या लेखी चार वर्षांत गाडी बदलणारी माणसं म्हणजे निव्वळ उडाणटप्पू. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत अशांची वानवा नाही. खालच्या मजल्यावरचं आयटीतलं जोडपं तर गाडीच्या अंगावर पहिला ओरखडा उठायच्या आत ती विकून मोकळं होतं. त्यातल्या नवऱ्याने एकदा पार्किंगमध्ये ह्यांना विचारलं, "काका, अजून हीच गाडी?"

"हो. बायकोही हीच आहे," हे म्हणाले आणि बॉनेटवर फडकं मारत राहिले.

तो बिचारा "सॉरी काका" म्हणत लिफ्टकडे पळाला. मी गॅलरीतून ऐकत होते. हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर जरा सुखावलेही.

आमच्या पिढीला वस्तू टाकण्याची कला कधी साधलीच नाही. छत्रीच्या काड्या बदलायच्या, कुकरची रिंग बदलायची, स्कूटर सुरू होईना तर तिला बाजूला कलती करायची, पुन्हा उभी करायची आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. वस्तू कधी बदलावी हा प्रश्न आम्ही विचारतच नव्हतो. तिने आपणहून हात टेकले की मग बघू. गाड्यांच्या बाबतीत सरकारने निदान एक रेघ आखून दिली आहे. पंधरा वर्षं झाली की ती आरटीओत न्यायची, रस्त्यावर चालण्याजोगी आहे हे दाखवायचं आणि पुन्हा पासिंग करून घ्यायचं. यंदा दिवाळीनंतर आमच्या गाडीची ती घटका येणार होती, आणि ह्यांना तिची तिळमात्र फिकीर नव्हती. फिकीर मला लागली ती वेगळीच.

आमची लेक शर्वरी मांजरीला राहते. उसाच्या हिरव्या पट्ट्यांमधून अचानक उगवलेल्या त्या उंच इमारतींपैकी एकीत तिचं घर आहे, आणि रविवारी आमचं जेवण तिच्याकडे ठरलेलं. श्रावणातल्या अशाच एका रविवारी कलत्या दुपारी आम्ही परत निघालो होतो. उसाच्या पात्यांवरून ऊन निथळत होतं, हवेत ओल्या मातीचा आणि सिमेंटचा मिश्र वास होता, आणि पुरणपोळीने माझे डोळे जड झाले होते. हडपसरच्या उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला आणि गाडी हलेना. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. मी दचकून ह्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहरा विलक्षण शांत. आणि देवळात बोलावं इतक्या हळू आवाजात ह्यांनी विचारलं, "आपण कुठे निघालोय गं?"

"घरी," मी म्हणाले.

"हो, घरीच. पण इथून वळायचं कुठे?"

ज्या रस्त्याने हा माणूस डोळे मिटून गेला असता, त्या रस्त्यावर मी हात लांब करून त्याला दिशा दाखवली. थोडं पुढे गेल्यावर, जणू मधल्या त्या क्षणांवर कुणी पांघरूण घातलं असावं, तसे हे सावरले. आणि म्हणाले, "गाडी अडखळायला लागली आहे हल्ली."

गाडी अडखळली नव्हती. मला ते चांगलं ठाऊक होतं. तरी मी पटकन बोलून गेले, "जुनी झाली हो आता." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून एकच काडी धरली.

शर्वरीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. "आई, बाबांनी आता गाडी चालवायची नाही. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं म्हणजे?" तिचं काही चुकत नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. विसरण्याचं दुखणं आहे, हळूहळू वाढेल, ड्रायव्हिंग बंद केलेलं बरं, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन! ह्यांना त्यांनी नुसतं "वयोमानाने होतं थोडं" म्हणून हसून निरोप दिला. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरला ते तोंडावर बोलण्याचं धैर्य होत नाही, तर ते मी कुठल्या दुकानातून आणायचं?

पुण्याच्या माणसाला फटकळ म्हणतात, आणि ते खोटं नाही. परक्याला दारातून वाटेला लावताना आमची जीभ अडखळत नाही. मीसुद्धा भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत कुणाची भीड ठेवलेली नाही. पण ज्याच्या ताटात आयुष्यभर पहिली पोळी वाढली, त्याला "तुम्हाला आता जमत नाही" एवढे चार शब्द म्हणायचे, तर मी आपली तुपाचं भांडं आणायला उठते. मग आपण आपला जुना, पिढीजात मार्ग धरतो: लेकी बोले, सुने लागे. सुनेला सरळ बोलायचं नाही, लेकीला तिच्यादेखत बोलायचं, आणि सुनेनं काय ते समजून घ्यायचं. मी आणि शर्वरीने गाडीला बोलायला सुरुवात केली.

ब्रेकचा काही भरवसा नाही हो हिच्या. आता पासिंगच्या भानगडीत कशाला पडायचं? किती वर्षं राबवणार तिला, सुटी द्या की आता. जेवताना, चहा पिताना, फोनवर, आम्ही मायलेकी त्या मुक्या जिवाला नावं ठेवत राहिलो. शर्वरीने हळूच पुढचं पाऊलही टाकलं: हल्ली मोबाइलवर बोलावलं की दारात टॅक्सी येते, गाडी ठेवतं कोण, बाबा? हे ऐकून घ्यायचे. ना हो, ना नाही. मला वाटायचं, बाण बरोबर लागतो आहे. समजूतदार माणूस आहे, न बोलता समजून घेईल. आणि असं वाटलं की रात्री उशीवर डोकं टेकताना मला माझीच शरम वाटायची.

पितृपंधरवडा आला. त्या दिवसांत कुणी नवी खरेदी करत नाही, म्हणून तर मी अधिकच निर्धास्त होते. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून रिक्षाने जायचे. नवरात्रात ह्यांनी गाडी विकली; एक दिवस कुणीतरी येऊन ती घेऊन गेलं. ह्यांनी स्वतः आतलं सामान काढून पिशवीत भरलं, बॉनेटवर एकदा तळहात ठेवला आणि वर निघून आले. मी शर्वरीला फोन केला, "सुटलो गं बाई." ती "थँक गॉड" म्हणाली. आणि मग का कोण जाणे, दोघींनाही फोन ठेववेना.

दसऱ्याला सकाळी हे "झेंडू आणि सोनं घेऊन येतो" म्हणून बाहेर पडले. श्रीखंडाचा चक्का मी फेटत होते, वेलदोड्याचा वास घरभर पसरला होता, दाराला तोरण चढलं होतं. खालून हाक आली. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर फाटकाशी एक निळी, कोरी करकरीत गाडी. शोरूमचा माणूस ह्यांच्या हातात किल्ली ठेवून नमस्कार करून निघत होता, आणि हे वर बघून लहान मुलासारखे हसत होते.

"तू म्हणत होतीस ना, गाडी जुनी झाली? घे! नवी आणली."

अगं बाई गं! म्हणजे रोजचं ते वाचनालय हे होतं तर! जिना कसा उतरले ते मलाच माहीत. सगळी सोसायटी गोळा झाली होती. आयटीतला तो मुलगा "काका, एक नंबर!" म्हणत हात मिळवत होता. माझ्या हातात कुणीतरी कुंकवाचं ताम्हन दिलं. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ते वाकडं आलं. नारळ फुटला, चाकांपुढे लिंबं ठेवली, आणि हे चालकाच्या जागेवर बसून म्हणाले, "चल, बस. पद्मावतीचं दर्शन घेऊन येऊ."

दसऱ्याच्या दिवशी पद्मावतीच्या देवळापुढे काय गर्दी असते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. कडेवरची मुलं, फुगे, हाराच्या टोपल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या बायका. मला फाटकाशी उभ्या उभ्याच त्यातली एकेक बाई दिसत होती. माणसं पांगेपर्यंत मी हातातल्या ताम्हनाशी उगाच चाळा करत राहिले. मग खिडकीशी वाकले.

"अहो, जुनी गाडी चांगली होती," मी म्हणाले. "तिला काहीसुद्धा झालं नव्हतं."

ह्यांचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं, आणि ते उतरताना पाहणं ही मला मिळालेली शिक्षाच होती. हे समोरच्या काचेतून बघत राहिले. इंजिन सुरू होतं, पण नव्या गाड्यांना आवाज असा नसतोच.

"ते मला कळत नसेल का गं? इंजिनियर माणूस मी," ते म्हणाले. आणि स्टिअरिंगवरून तळहात फिरवत, "म्हटलं, एकदा नवी घेऊन बघावी. न जाणो, खरंच गाडीच असली तर..."

मी पदराने डोळे पुसले. "शर्वरी येईल दुपारी. ती नेईल आपल्याला," मी म्हणाले, आणि ह्यांनी निमूटपणे इंजिन बंद केलं. मग खाली उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, आणि इतकी वर्षं जी माझी जागा होती तिच्यावर बसून पट्टा लावला. मी मागे बसले. दारं उघडीच होती. येणारे-जाणारे थांबून आमच्या हातावर आपट्याची पानं ठेवत होते, "काका, काकू, अभिनंदन" म्हणत होते, आणि हे प्रत्येकाला हसून "सोन्यासारखे राहा" म्हणत होते.

मागून मला त्यांची मान दिसत होती, सकाळी नीट कापून घेतलेले पांढरे केस दिसत होते. आणि एकाएकी मनात आलं, आत्ताचं हे बोलणं उद्या सकाळी ह्यांच्या लक्षात असेल का? किल्ली घेऊन, नवी गाडी बघून हरखून, हे पुन्हा "चल, बस" म्हणाले तर? एकदा सांगायला मी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत धीर गोळा करत होते. आता कदाचित रोज सांगावं लागेल, आणि रोज त्यांना ते पहिल्यांदाच कळेल.