डोंगराला विचारलं का?

शाळेच्या दारात उभं राहून सर खडूचा तुकडा दोन बोटांत चुरायचे, हात खांद्याइतका वर करायचे आणि भुकटी हळूच सोडून द्यायचे. ती जिकडे जाईल तिकडे बघत राहायचे. मग समोर हेडमास्तर आहेत की शिपाई, याचा विचार न करता निकाल सांगायचे. "पश्चिमेचा हाय, चालंल." किंवा, "पूर्वेचा हाय. बरं न्हाई."

जालन्यात मस्तगडजवळच्या एका मुलींच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी गणित. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. चिडले की मंठ्याकडचं गावचं बोलणं बाहेर यायचं. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा तरी यायचंच. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा राग त्याच्या आधी खोलीत येतो आणि जो बोलतो ते नेमकं बरोबर असतं, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याची सोयही उरत नाही.

शाळेच्या सहली माझ्याकडे होत्या. पाण्याचे डबे, टिंक्चर, लिंबं, सुतळी, जास्तीच्या चपला, कोणत्या मुलीला गाडी लागते, कोणाला पुढे बसवायचं, हे सगळं मी लिहून काढत असे. सर माझी यादी वाचायचे, मान डोलवायचे आणि शेवटी बोट तारखेवर ठेवायचे.

"बाई, यादी झकास हाय. पण डोंगराला विचारलं का?"

हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं, हेडमास्तरांना ऐकवलं, एकदा सहलीची गाडी ठरवायला गेलो तेव्हा एस.टी. आगाराच्या माणसालाही ऐकवलं. त्या बिचाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "डोंगराची परवानगी कुठून काढायची असते, बाई?"

त्या वर्षीची सहल लेण्यांची होती. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, मोठ्या लेण्यांपासून दूर, कोणी फारसं जात नाही अशी काही जुनी लेणी आहेत. वरून घळीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, की समोर कातळात ओसऱ्या आणि कोठड्या, आणि त्यांच्या तोंडावरून पडणारा धबधबा. भर पावसात ओढा माणूस वाहून नेतो, म्हणून तेव्हा जाता येत नाही. चैत्र-वैशाखात कातळ तापतो आणि कड्याला आग्या मोहोळं लटकतात. थंडीत जाणं सोपं, पण तोवर धबधबा आटलेला. सरांचं म्हणणं होतं, पावसाने उघडीप दिली आणि ओढा गुडघ्याखाली आला की ते थोडे दिवस पकडायचे. बाकी वर्ष लेण्यांना कुलूप आहे असं समजायचं.

धबधब्याचा हट्ट त्यांचा नव्हता, त्यांच्या आईचा होता.

बाहत्तरच्या दुष्काळात गावी राहून त्या माउलीने रोजगाराच्या कामावर खडी फोडली. मुलगा मास्तर असून. "बसून खायला मी म्हातारी झाले का?" असं तिने त्यांना विचारलं होतं. दुष्काळ सरला, पण खडीची धूळ छातीत राहिली. खोकला जाईना, तेव्हा सर तिला जालन्याला घेऊन आले. त्यांच्या वस्तीत वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज ग्रंथ वाचला जायचा. आजी पुढे बसून ऐकायची. पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत नसत, एका जागी, अशाच लेण्यांत राहत, हे तिने तिथे ऐकलं आणि मुलाच्या मागे लागली.

मी एकदा घरी गेले तेव्हा मलाही म्हणाली, "बाई, मी दगड फोडून खडी केली. त्यांनी दगड फोडून घर केलं. मला त्या घरात बसायचंय. पाणी पडत असताना. ते बसायचे तसं."

डॉक्टरांनी सरांना सांगितलं होतं, थंडी हिला सोसायची नाही, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. तिकडे एस.टी. जात नव्हती, खास गाडी जाणार ती शाळेच्या सहलीचीच. आजीला पुढची जागा द्यायची, हे मी यादीत पहिल्या ओळीत लिहिलं.

भाद्रपद संपत आला तशी छान उघडीप पडली. सरांनी खडू चुरला, भुकटी पूर्वेकडे गेली, म्हणजे वारा पश्चिमेचा. ते धावतच शिक्षकांच्या खोलीत आले. "बाई, धरा तारीख! ह्याच आठवड्यात!"

मी धरली. गाडीही मिळाली, कारण त्या पंधरवड्यात गाड्या रिकाम्याच असतात. तो पितृपक्ष होता.

दुसऱ्या दिवशी पालक आले. त्यांच्या मागून संस्थेचे चिटणीस आले. पितृपक्षात मुलींना घराबाहेर, तेही डोंगरात, तेही पडक्या लेण्यांत न्यायचं? चिटणीस गोड आवाजात बोलायचे, आणि गोड आवाजात बोलणाऱ्यांचा मला आजही राग येतो. ते म्हणाले, "सर, तुमच्यात पाळत नसतील. आमच्यात पाळतात."

सरांच्या हातातला खडू मोडला.

"आमच्यात पाळत न्हाईत साहेब. म्हणून तर आमी पाऊस बघतो," ते म्हणाले. "कावळा ह्या दिवसांत तुमच्या गच्चीवर जेवून डोंगर वलांडून जातो. त्याला चालतं. पोरींनी काय घोडं मारलंय?"

एक पालक हसले आणि चिटणिसांकडे बघून लगेच गप्प झाले.

मी म्हणाले, आमच्या घरीही पितृपक्ष असतो, सासऱ्यांची तिथी त्याच आठवड्यात आहे, मी पान वाढून सहलीला येणार आहे. दसऱ्यानंतर पाऊस परत फिरतो, त्याचा भरवसा नसतो, हेही सांगितलं. आजीच्या तब्येतीचंही सांगितलं. चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्ही यादी करा. तारखेचं आम्ही बघतो." हे वाक्य माझ्या डोक्यात अजून तसंच आहे, शब्दाला शब्द.

नवरात्रात घट बसलेले, म्हणून तेही दिवस गेले. तारीख पडली दसऱ्यानंतर, आश्विन पौर्णिमेच्या थोडी आधी. सर आईला म्हणाले, "तुझा वर्षावास संपायच्या आत जातोय, चल." मला मात्र कोपऱ्यात गाठून म्हणाले, "बाई, हे लोक डोंगरालाच सांगून राह्यले, की बाबा रे, तू आमच्या पंचांगाने चाल."

निघायच्या दिवशी आजी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. गाडी लागल्याबरोबर तिने ती पिशवी ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीच्या जागेवर टाकली आणि खाली येऊन पायरीवर चहा प्यायला बसली. एक मुलगी ती पिशवी सरकवून बसायला गेली, तर आजी खालूनच ओरडली, "ए पोरी! जागा धरलेली हाय!" आणि मग आपल्याच ओरडण्यावर खोकत हसली.

सर दारात खडू चुरत होते. भुकटी पश्चिमेला गेली. त्यांनी परत चुरला. परत तिकडेच.

"पूर्वेचा वारा," ते म्हणाले. "बाई, बरं न्हाई."

"आता गाडी आली, जेवण बांधलं," चिटणीस म्हणाले. ते सहकुटुंब येत होते. "ऊन तर पडलंय. आजचा दिवस निघून जाईल."

दिवस निघाला नाही. घळीच्या काठावर उतरलो तेव्हा आभाळ काळं झालं होतं, आणि मुलींनी डबे उघडायच्या आत पाऊस कोसळला. ताडपत्री होती, माझ्या यादीत होती म्हणूनच होती. तिच्याखाली सगळ्यांना दाटीवाटीने उभं केलं. पाऊस थांबल्यावर खाली बघितलं तर ओढा तांबडा, फुगलेला, दगडांवर आपटत चाललेला. पलीकडे लेणी. लेण्यांच्या तोंडावरून पांढरं पाणी पडत होतं. आजीने मनात धरलं होतं अगदी तसं. आणि आमच्या मध्ये तो ओढा.

सरांनी एकाही मुलीला पायवाटेवर पाऊल टाकू दिलं नाही. पायवाटेच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले.

चिटणीस छत्री सावरत म्हणाले, "मुलींनो, इथूनच बघा. किती छान दिसतंय!"

मग सर कडाडले. "पितरांसाठी थांबलात ना साहेब? मेलेल्यांना वाईट वाटू नये म्हणून? ही बघा, ही जितीजागती माय काठावर बसवलीत! पंधरा दिवसांखाली पाणी गुडघ्याला न्हवतं! मी सांगून राह्यल्तो, ह्या बाई सांगून राह्यल्त्या—"

मुली घाबरून माझ्याकडे सरकल्या. चिटणिसांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. चिटणीस छत्री मिटून गाडीकडे वळले. त्यांना वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

आजी एका दगडावर बसली होती. तिला समोरचं ते पाणी बघून समाधान झालं असेल, असं पुढे शाळेत काहीजण सांगायचे. मी तिच्या शेजारी उभी होते, मला विचारा. ती संतापली होती. "हितून काय बघायचं?" ती म्हणाली. "मी काय जत्रेतला पाळणा बघाया आल्ते? मला आत बसायचं होतं." आणि मुलाला म्हणाली, "तू गप रे. वरडून पाणी उतरतंय व्हय?"

परतताना ती त्याच खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन, तोंड बाहेर. जालना येईपर्यंत नुसती खोकत राहिली.

पौषात ती गेली. मी भेटायला गेले तेव्हा सर खाली मान घालून बसले होते. मी म्हणाले, "सर, काही बोला." ते म्हणाले, "चहा घेणार का, बाई?" त्यांना इतकं सभ्य बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते सहन झालं नाही.

जूनमध्ये शाळा भरली. सहलीची बैठक बसली. गेल्या वर्षीच्या फजितीवरून पालकांनी चिटणिसांना बरंच ऐकवलं होतं, म्हणून ते आवाज आणखी गोड करून म्हणाले, "यंदा पुन्हा तिथेच जाऊ. आणि सर म्हणतील ती तारीख. पितृपक्ष तर पितृपक्ष." वर्षभरात त्यांचे पितर बदलले नव्हते. त्यांची अडचण बदलली होती.

सगळे सरांकडे बघू लागले. मीही. कोणी तरी गमतीने म्हणालं, "सर, डोंगराला विचारा की!"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"कोणतीबी धरा," ते म्हणाले. "आता काय."

मी टेबलावर हात आपटला. बैठकीत आवाज चढवायची माझी पद्धत नाही, पण चढवला. चिटणिसांना म्हणाले, हे शहाणपण गेल्या वर्षी कुठे होतं? परवानगी द्यायचीच होती तर जिवंत बाईला द्यायची होती. मग मी घरी जाऊन यादी केली. सरांचं नाव पहिलं लिहिलं.

पितृपक्षात उघडीप पडली. निघायच्या सकाळी सर दारात आले, पण घरच्याच चपलांत, रिकाम्या हातांनी. ते येणार नाहीत हे मला कळलं. "निदान वारा तरी बघा," मी म्हणाले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच बघा, बाई. बराबर येतं तुमाला."

मी चुरला. भुकटी सरळ पायाशी पडली. वारा अजिबात नव्हता. मी वर बघितलं तोवर सर आत वर्गाकडे निघून गेले होते. पुढच्या वर्षी ते मंठ्याकडच्या एका शाळेत गेले, आणि नंतर मला कधी भेटले नाहीत.

अर्ध्या पालकांनी मुली पाठवल्या नव्हत्या. जेवढ्या होत्या तेवढ्यांना घेऊन मी घळीत उतरले. ओढा गुडघ्याखाली होता. आम्ही हसतखेळत ओलांडला. सर म्हणाले होते तसंच सगळं होतं, आणि प्रत्येक पावलाला माझा राग वाढत होता. लेण्याच्या ओसरीत कातळातच कोरलेला एक बाक आहे. समोर पाण्याचा पांढरा पडदा, तुषार पार आतपर्यंत येतात. मी पोहोचल्याबरोबर माझी पिशवी त्या बाकावर ठेवली आणि शेजारी जमिनीवर बसले.

मुली पाण्यात भिजून आल्या. एकीने पिशवीला हात लावला. "बाई, ही सरकवू का? बसते इथे."

"नाही," मी म्हणाले. "जागा धरलेली आहे."