स्ट्रॉबेरीची अढी

महाबळेश्वरला लोक हवा खायला जातात. मी गेलो आईसाठी फळं आणायला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टायफॉइडमधून आई उठली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन घास खाऊन ताट सारायची. एक दिवस जॅमच्या बाटलीवरचं स्ट्रॉबेरीचं चित्र बघून म्हणाली, "हे खरं कसं लागतं रे?" तिने आपणहून खाण्याचं नाव काढलं! दुसऱ्या दिवशी पहाटे मी राजापूरच्या स्टँडवर हजर.

एसटीने पोलादपूर, तिथून गाडी बदलून आंबेनळी घाट. जाणाऱ्यांनी पोलादपूरला वडे हाणू नयेत. मी हाणले आणि घाटभर पस्तावलो.

मुक्काम करून सकाळी ऊन चढायच्या आत मळा गाठला. मळेवाला देठासकट फळं खुडत होता. "धुवायची ती खाताना. एकावर एक रचू नका."

"आणि कच्ची पेंढ्यात अढी घालून ठेवली तर?" आमचा हापूस तसाच पिकतो.

तो हसला. "ही तोडली की पिकायची थांबते."

असलंही फळ असतं? परतीच्या एसटीत मी वाटभर त्याचाच विचार करत होतो. करंडी मांडीवर, उन्हाकडे पाठ. चिपळूणला शेजारी बसलेल्या मासेवालीने करंडीत डोकावून पाहिलं. "बर्फ घाल रे बाबा. बर्फाबिगर काय टिकतंय?"

दिवेलागणीला घरी पोचलो. चेपलेली फळं आईने साखर घालून खाल्ली, वाटी बोटाने पुसून. उरलेली देठाजवळ पांढरी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, ती उचलून माळ्यावर निघाले.

"कच्ची हायत. अढी घालतो."

"आप्पा, ही पिकत नाहीत तोडल्यावर!"

"फळाचं मला शिकवतोस?"

त्यांचा जन्म आंब्यात गेलेला. आईला गोडात गोड मिळावं एवढीच धडपड, म्हणून मीही हट्ट सोडला.

दोन दिवसांनी दुपारी त्यांनी पेंढा बाजूला केला. सगळ्यांवर करडी बुरशी, आंबूस वास. आप्पा करंडी घेऊन ओटीवर नुसते बसून राहिले.

तेवढ्यात आई चौकट धरून बाहेर आली.

"काय हो, पेज वाढून घेऊ, की ती पण अढीत घालायची?"

आप्पा आधी चमकले, मग हसत सुटले. निम्मी फळं वाया गेली, तरी तो प्रवास फुकट गेला असं मला कधीच वाटलं नाही. त्या दुपारी आईने पेज दोनदा घेतली.