टॉवेलाखालची पिशवी

१८ नोव्हेंबर. सकाळी खाटेवर बसून मी कसेबसे केस विंचरत होते. डॉक्टर राउंडला आले. माझ्या पोटातून बाहेर आणलेल्या नळीची पिशवी त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "ड्रेनची पिशवी कोरडी आहे. उद्या नळी काढू, घरी जा."

पित्ताशय काढून आठवडाही झाला नव्हता. पोट मात्र फुगत होतं, अंगात कणकण होती.

मी जावेकडे पाहिलं. सुमन धाकटी जाऊ, माझ्याजवळ राहिलेली. पिशवी मोजून ओता आणि आकडा सांगा, असं नर्सने तिला बजावलं होतं. ती न मोजताच रोज राउंडच्या आधी मोरीत ओतत होती, वर टॉवेल टाकत होती. विचारलं की म्हणायची,

"अक्का, गावची लोकं भेटाया येत्यात. ती हिरवी घाण कशाला दावायची?"

मी डॉक्टरांना म्हटलं, "कोरडी नाही. आत्ता ओतलीय."

"किती होतं?"

"असंल अर्धा तांब्या," सुमन पुटपुटली.

डॉक्टर स्टुलावर बसले. "नळी काढली असती तर हे सगळं पोटात साचलं असतं. जिवावर बेतलं असतं." हा बाइल लीक, म्हणजे पित्ताची गळती.

त्याच दिवशी मला नगरला हलवलं. तिथे ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जायचं. नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी बसवायची. मग पित्त सरळ आतड्यात उतरतं आणि गळकी जागा भरून येते. प्लास्टिकचा स्टेंट काढायला पुन्हा दुर्बीण लागते. बायोडिग्रेडेबल शरीरातच हळूहळू विरघळतो. "सगळ्यांना चालत नाही. तुमची गळती लहान आहे, चालेल," तिथले डॉक्टर म्हणाले.

"विरघळणाराच टाका." ती दुर्बीण दुसऱ्यांदा घशात नको होती.

घसा बधिर करायला कडू फवारा, दातांत प्लास्टिकचं कडं, मग इंजेक्शन. जाग आली तेव्हा गालाखाली लाळेने भिजलेली चादर आणि तोंडात पित्ताची चव. गोठ्यातलं शेण मी रोज हाताने काढते, कधी काही वाटलं नाही. स्वतःच्या अंगाची मात्र शिसारी आली.

त्याहून जास्त शिसारी आधीच्या दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची. माझ्या खाटेवर बसून वडापाव खायचे, तेलकट बोटं माझ्याच चादरीला पुसायचे. यांच्यापुढे लाज नको म्हणून माझी पिशवी रिकामी होत होती.

तुम्हाला नळी लागली तर पिशवीत काय आणि किती येतं ते स्वतः बघा. किळस आली तरी बघा. डॉक्टरांना तेवढंच कळतं जेवढं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल काढून सुमनकडे फेकला आणि पिशवी दाराकडच्या बाजूला टांगायला लावली. घोडेगावच्या मामी केळी घेऊन आल्या, पिशवी पाहून त्यांनी नाकाला पदर लावला.

"बसा मामी," मी म्हटलं. "कालच्यापेक्षा निम्मंच आलंय."