कूलरखालचं जातं

माझ्या मोबाइलमधल्या एचडीआरवर माझा अजूनही राग आहे. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "एका टायमाले तीन-चार फोटो काढते हे. काही उजळ, काही काळे. मंग सगळ्यायचा मिळून एक. उन्हातलंबी दिसते, सावलीतलंबी." धाड या आमच्या गावी, घरी येताच मी ते चालू करून टाकलं. आपल्या घरात सावलीत काय काय आहे, याचा विचार केला नाही.

सावलीत आईचं जातं होतं. कूलरच्या लोखंडी स्टँडचा एक पाय सडला तेव्हा मीच ते त्याखाली सारलं होतं. मग मोताळ्याला दिलेल्या ताईच्या पोरीचं लग्न ठरलं. ताईचा फोन आला, "हळद आईच्याच जात्यावर दळाची हाय."

ऐन वैशाखात कूलर उतरवायचा, वेल्डिंगवाल्याच्या मागं हिंडायचं, या नुसत्या विचारानंच मला घाम फुटला. म्हणालो, "ताई, ते तं फुटलं. दोन तुकडे झाले."

ताई म्हणाली, "जाऊ दे. शेजारणीचं आणतो."

"तुमाले लाज नाही वाटत?" बायको म्हणाली.

"कूलर बंद करून सांगू का?" मी म्हणालो.

आठवड्यानं बायकोनं त्याच लग्नासाठी कुरडया घातल्या. अंगणात खाटांवर वाळत होत्या. ताईला फोटो पाठवायचा होता, पण उन्हात कोण जाणार? आतल्या भिंतीला टेकून उघड्या दारातूनच काढला. जुन्या फोनवर असा फोटो काढला की अंगण पांढरंफेक आणि खोली काळीकुट्ट. इथं कुरडईची तार न् तार दिसत होती. खूश होऊन घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत फोन.

"कुरडया चांगल्या झाल्या," ताई म्हणाली. "दाराच्या बाजूले कूलर हाय न, त्याच्याखाली काय हाय बे?"

ताई मला कधी 'बे' म्हणत नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. जात्याचा लाकडी खुंटासुद्धा स्पष्ट होता.

"विटा हायेत," मी म्हणालो.

"विटेले खुंटा कवापासून फुटाले लागला? आईचं जातं गेलं म्हणून मी दोन दिवस जेवली नाही. अन तू त्याच्यावर कूलर ठेवून हवा खाऊन राह्यला."

फोन कट.

मस्तक फिरलं. आधी फोनवर चिडलो, मग दुकानदारावर, मग गालात हसणाऱ्या बायकोवर. ते दोन दिवसांचं न जेवणं मात्र कोणावरच ढकलता येईना, म्हणून आणखी चिडलो. एचडीआर बंद केलं. कूलर उतरवला. जातं पोत्यात घालून जीपनं बुलढाण्याला आणि तिथून एसटीनं मोताळ्याला नेलं.

"भाऊ, दगड कुठं घेऊन चालले?" कंडक्टरनं विचारलं.

"बहिणीले नेऊन राह्यलो. माह्या डोक्यात घालाले लागते तिले," मी म्हणालो.

हळदीच्या दिवशी ताई माजघरात, दाराकडं पाठ करून जात्यावर बसली. मला बघून तिनं खुंटा आणखी जोरात फिरवला. मीही घुश्शातच समोरून तिचा एक फोटो काढला. दळण झाल्यावर तिनं पिवळा हात पुढं केला.

"दाखव."

दारातला मांडव पांढराफेक. अलीकडं नुसता काळोख. त्यात ताई नाही, जातं नाही.

तिनं फोन माझ्या हातावर आपटला.

"बरं हाय," ती म्हणाली. "आता हाच फोटो दाखवून सांगत फिर, जातं ताईच्या घरी पोचलंच नाही म्हणून."