पंखा बंद असताना

डांबरगोळ्यांचा वास आला की मला थंडी नाही, घामच आठवतो. आज कपाटातून जुनी कानटोपी काढली आणि तसंच झालं.

आमचं लग्न ठरलं होतं. हनिमूनला जानेवारीतलं प्राग, कारण तेव्हा तिथे गर्दी नसते. त्या दिवसांत नीलेश माझ्याशी फक्त व्हिसा आणि तिकिटांबद्दल बोलायचा.

ऑक्टोबरच्या भर दुपारी होणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्या कांदिवलीच्या घरी, हॉलमध्ये आम्हा दोघांना स्वेटर, कोट, कानटोप्या चढवायला लावल्या.

"तिकडे जाऊन बटणं लागली नाहीत तर? आणि पंखा बंद कर रे, थंडीचे कपडे पंख्याखाली काय कळणार!"

नीलेश घामाने निथळत होता. माझ्याकडे बघून त्याला हसू आवरेना. "वाट लागली यार! अगदी अस्वल दिसतेस गं!"

पुढे प्रागमध्ये भरपूर बर्फ पाहिला. पण मी त्याच्या प्रेमात पडले ती कांदिवलीत, पंखा बंद असताना.