तिसरा सिलिंडर आणि पुनवेचं पाणी

गुणाबाई करंजाची कोळीण. नवरा काशिराम गेला; होडी त्याआधीच विकली होती. मागे राहिला तो मासळीचा पिकअप. पगारी ड्रायव्हर चालवतो, ती शेजारी बसते. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वाटभर त्यालाच काहीबाही सांगत राहते. मुलगा शैलेश करंजाड्याला फ्लॅटमध्ये. त्याने निक्षून सांगितलं होतं, गाडी पुन्हा बंद पडली की भंगारात.

आणि ती गाडी दर महिन्याला पनवेलला माझ्या, म्हणजे भगवान मेकॅनिकच्या, गॅरेजात धापा टाकत यायची. स्कॅनर लावला की एकच कोड: तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. हा कोड भलता चालू. कोण चुकतंय ते सांगतो, का चुकतंय ते गिळून बसतो. मी प्लग बदलला, त्याला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केला. गाडी हसतखेळत जायची आणि पुन्हा यायची. माझं डोकं फिरलं.

शेवटी तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावून पाहिली. कोड तिसऱ्यालाच चिकटलेला. म्हणजे कॉइल बिचारी निर्दोष. मग तिच्या वायरच्या सॉकेटात डोकावलो. आत पांढरं मीठ आणि हिरवा गंज! माझ्या काढघालीत तो थोडा घासला जायचा, म्हणून गाडी चार दिवस बरी चालायची.

"मावशी, मासळीचं पाणी मागे सांडतं. बॉनेटच्या आत खारं पाणी आलं कुठून?"

"मीच वतते. दर पुनवेला."

काशिराम दर पुनवेला होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पूजा म्हणून समुद्राचं पाणी ओतायचा. होडी गेल्यावर पिकअपच्या बंपरवर ओतू लागला.

"धनी बायेर वतायचे. मना वाटला, जीव तर आत हाय."

"म्हणून त्याला बुडवून मारायचं?" मी तडकलोच.

तिने बॉनेटवर हात ठेवला. "त्यांची येवढीच वस्तू ऱ्हायलीय रं भगवान. शैलेश इकल ती."

माझा राग तिथेच ओसरला. वाईट वाटलं. सॉकेट नवीन टाकलं, बॉनेट उघडायचं नाही म्हणून बजावलं आणि पुढच्या पुनवेला गाडी दाखवायला बोलावलं.

आली. स्कॅनरवर एकही कोड नाही, इंजिन एका सुरात. गुणाबाई उतरली, पिशवीतून समुद्राच्या पाण्याची बाटली काढून बंद बॉनेटसमोर नुसती उभी राहिली. मग ड्रायव्हरच्या दाराशी गेली आणि पायदानावर पाणी ओतलं.

"धनी हितून चढायचे," ती म्हणाली.

मिठाने पायदान गंजणार, हे मला दिसत होतं. मी स्कॅनर आवरून ठेवला.